कलती फियाट

बुधवारी सकाळी हरिहर टिपणीस डोंबिवली पश्चिमेच्या मंडईवरून फियाट घेऊन चालले होते, तेव्हा एक भाजीवाला मागून धावत आला आणि त्यानं काच वाजवली.

"काका, थांबा! तुमचं पडलं."

हरिहरांना वाटलं, पिशवी पडली. त्यांनी गाडी बाजूला घेतली. भाजीवाल्यानं ओल्या गोणपाटात धरून एक काळी, लांबट, गंजकी वस्तू आणली होती. तो सायलेन्सर होता. अजून गरम होता.

"अर्धाच आहे," हरिहर म्हणाले.

"उरलेला तिकडे पडलाय. गाय हुंगतेय. तो पण आणू?"

"आणा."

दोन्ही अर्धे मागच्या सीटखाली ठेवून हरिहर घरी निघाले. सायलेन्सर नसलेली गाडी किती मोठ्यानं बोलते, हे त्यांना तोवर ठाऊक नव्हतं. लोकांनी खिडक्या उघडल्या आणि लगेच लावून घेतल्या. वाटेत एका लग्नाचा बँड वाजत होता. फियाट बाजूनं गेली तेव्हा बँडवाल्यांनी आपणहून वाजवणं थांबवलं, आणि ती लांब गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

गाडी चोवीस वर्षांची होती. खाडी जवळ, वारा खारट, आणि गेल्या आठ महिन्यांत तिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. बायको मालन गेल्यापासून हरिहर दर बुधवारी मंडईपर्यंत एक चक्कर मारत, ती बॅटरी उतरू नये म्हणून. बाकी कुठे जाण्यासारखं नव्हतं. एरवी सायलेन्सर पडला म्हणून त्यांचं काही अडलं नसतं. पण शुक्रवारी सगुणाचं लग्न होतं.

सगुणा ही मनुबाईची नात. मनुबाई मोठागावची कोळीण. वीस वर्षं ती टिपणिसांच्या दारात मासळीची टोपली उतरवत होती. सगुणा चार वर्षांची असताना आजीच्या मागे यायची आणि फियाटमध्ये जाऊन बसायची. एक दिवस ती उतरेचना. रडून तिनं गल्ली गोळा केली. तेव्हा मालन म्हणाली होती, "आज उतर. तुझ्या लग्नात तुला याच गाडीतून सासरी पोचवू." सगुणा उतरली. मालन हे विसरली नाही. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात तिनं हरिहरांना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. दूध उतू जाऊ देऊ नका, आणि सगुणाचं लक्षात ठेवा.

दूध अनेकदा उतू गेलं होतं. सगुणाचं मात्र चुकवायचं नव्हतं.

घरी न जाता हरिहर गाडी घेऊन तसेच देवरामच्या गॅरेजवर गेले. देवराम त्यांना आवाजावरून आधीच ओळखून बाहेर येऊन उभा होता.

"सोमवारी या, काका."

"शुक्रवारी लग्न आहे."

"शुक्रवारी सगळ्यांचंच आहे. माझा वेल्डर पण लग्नाला गेलाय. स्वतःच्या." देवराम खाली वाकला, एक टॉर्च मारली आणि उठला. "पुढचा पाइप, सायलेन्सर, मागचा पाइप, सगळं गेलंय. कल्याणला नवे भाग मिळतील. तयार भाग आणलेत तर वेल्डिंग नको. क्लॅम्प आणि नट-बोल्ट, बस्स. घरी पण होईल."

"घरी?"

"होईल. फक्त जुनं निघणार नाही."

"का?"

"गंज. तो आता बोल्ट राहिलेला नाही, काका. तो गाडीचा अवयव आहे."

गाडी घरी लावून हरिहर कल्याणला गेले आणि भाग घेऊन रिक्षानं परत आले. मागचा पाइप रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येत होता, त्यामुळे पत्री पुलापासून घरापर्यंत त्यांना ओव्हरटेक करायला कोणी धजावलं नाही. भाग अंगणात मांडून ठेवले आणि ते खुर्ची घेऊन समोर बसले.

खरी अडचण आता होती. ती हत्यारांची नव्हती. हत्यारांची पेटी पलंगाखाली होती आणि पंधरा वर्षं तिथेच होती.

पंधरा वर्षांपूर्वी हरिहरांनी गाडीचा हॉर्न स्वतः दुरुस्त केला होता. त्याच दिवशी अंगारकी होती, म्हणून दोघं टिटवाळ्याला निघाले. कल्याणच्या अलीकडे त्यांनी एका म्हशीला हॉर्न दिला, तो टिटवाळ्यापर्यंत थांबला नाही. मालन पदर तोंडावर घेऊन बसली होती. देवळाबाहेरची रांग दुभंगली, लोकांना वाटलं मंत्री आले. गणपतीसमोर मालननं नवऱ्याचा हात आपल्या हातात घेतला आणि शपथ वदवून घेतली, "या गाडीसाठी पुन्हा पाना हातात घेणार नाही."

एक वचन तिनं दिलेलं, एक तिनं घेतलेलं. आणि आता पहिलं पाळायचं तर दुसरं मोडत होतं.

मग हरिहरांना वाटलं, बघायला तर बंदी नाही. त्यांनी जॅक लावला, सतरंजी अंथरली आणि हात मोकळे ठेवून गाडीखाली सरकले. दिसलं काहीच नाही. सगळं एकाच रंगाचं होतं. परत निघताना शर्टाचं बटण कशात तरी अडकलं, पोट मध्ये आलं, आणि ते पुढेही जाईनात की मागेही येईनात.

त्याच वेळी मनुबाई टोपली घेऊन फाटकातून आली. तिला गाडी दिसली, आणि गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय दिसले.

"अगो बाय माजे! भाऊ गेलं!"

"मी आहे, मनुबाई," गाडीखालून आवाज आला. "अडकलोय."

"आत कशाला घुसलाव?"

"बघायला."

"काय बघाला? परवा लगीन हाय आन तुमी गारीखाली झोपलाव!"

तिनं टोपली ठेवली, पदर खोचला आणि दोन्ही घोट्यांना धरून त्यांना एका ओढीत बाहेर काढलं. बटण आत राहिलं. हरिहरांनी तिला सगळं सांगितलं. सायलेन्सरचं, देवरामचं, गंजलेल्या बोल्टचं. शपथेचं सांगायची गरज नव्हती. ती मनुबाईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. उलट मालननं तिला सांगून ठेवलं होतं, मी नसताना यांच्या हातात पाना दिसला तर मला कळव.

"होरीला खालून भोक परला, तर आमी होरीखाली झोपताव का?" मनुबाई म्हणाली.

"मग काय करता?"

"कलती करताव. एका कुशीला पारताव. पोट उन्हान आला, का मानूस उभ्यानं काम करतो."

"होडी वेगळी, मनुबाई. ही गाडी आहे."

"गारीला काय पोट नाय?"

गाडीला पोट होतं, हे हरिहर नुकतंच पाहून आले होते.

संध्याकाळी मनुबाईचा दीर गोमाजी आला. सत्तरीचा, सडपातळ, चाळीस वर्षं मोठागावच्या होड्यांची डागडुजी करणारा माणूस. त्यानं फियाटभोवती एक फेरी मारली, दाराला कान लावून बोटांनी टकटक केलं, आणि डब्यातून माशाचं तेल काढून काथ्याच्या कुंचल्यानं खालच्या प्रत्येक बोल्टला फासलं. हात लांब होते, त्याला आत शिरावं लागलं नाही.

"रातभर पिऊं दे," तो म्हणाला. "सकाली गारी बंदरावर आनू."

"गोमाजी, मी पान्याला हात लावणार नाही. शपथ आहे."

"मनुबायनी सांगला. शपथ ती शपथ. तुमी तोंडानं बोला, आमचा पंढरी फिरवल. तो होरीच्या इंजिनाचा मानूस हाय."

गुरुवारी सकाळी सात वाजता आठ माणसं आली आणि फियाट ढकलत बंदरावर निघाली. पंढरी गोमाजीचा थोरला मुलगा. त्यानं शपथ इतकी मनावर घेतली होती की हत्यारांची पेटी तो हरिहरांपासून चार हात लांब धरून चालत होता. "काका, तुम्ही त्या साइडनं चला. पाना इकडे आहे."

ओहोटी होती. खाडी पार खाली गेली होती. होड्या कलत्या करायची जागा ठरलेली होती, कडक वाळूचा एक पट्टा, पाण्याच्या बाजूला किंचित उतरता. तिथे जुन्या जाळ्यांची गादी घातली. पंढरीनं बॅटरी काढली, पेट्रोल आणि ऑइल डब्यांत उतरवलं. मग काथ्याचे दोर लागले, गोमाजीनं हात वर केला, आणि फियाट हळूच, झोपायला आल्यासारखी, डाव्या कुशीवर गेली.

हरिहरांनी चोवीस वर्षांत पहिल्यांदा आपली गाडी उजेडात खालून पाहिली. कालचं बटण तिथेच होतं.

काम जोरात सुरू झालं. हरिहर गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडून मोठ्यानं वाचत होते आणि पंढरी पाना फिरवत होता. तेल प्यालेले बोल्ट कुरकुरत सुटायला लागले. दोन सुटले नाहीत, त्यांची डोकी छिन्नीनं उडवली. माणकोलीला जाणारी होडी जवळून गेली तेव्हा आतली माणसं उभी राहिली.

"आरं, कितीजन होतं?" एकानं ओरडून विचारलं.

"सगले वाचले!" पंढरी ओरडला. "नवरीची गारी हाय!"

हे उत्तर ऐकून होडीतल्या दोन बायकांनी तोंडाला पदर लावला. त्या पलीकडे उतरल्या आणि अर्ध्या तासात खाडीपलीकडच्या तीन गावांत बातमी गेली की मोठागावच्या नवरीची गाडी उलटली, पण देवाच्या कृपेनं सगळे वाचले. हरिहरांना हे नंतर कळलं. तेव्हा ते पान अठ्ठेचाळीसवर होते.

साडेदहापर्यंत जुनं सगळं निघालं. नव्या भागांनाही गोमाजीनं वरून खालपर्यंत माशाचं तेल चोपडलं. "गंज धरत नाय," तो म्हणाला. "आमच्या होरीला बगा." पुढचा पाइप बसला. सायलेन्सर बसला. मागचा पाइप आत सरकला. आता शेवटचा एक क्लॅम्प, मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला.

हरिहर पान उलटायला गेले, तेव्हा त्यांना आपली एक चप्पल समोरून जाताना दिसली. चप्पल एकटी जात होती.

त्यांनी खाली पाहिलं. पाणी घोट्याला लागलं होतं.

"गोमाजी, पाणी."

"हां, येल आता," गोमाजी मान वर न करता म्हणाला. "तेरशीचा पानी. पुनव जवल हाय. मंग तर हीच जागा धरली. बारा वाजता कमरेपरेंत आला, का आपोआप उबी होल."

"काय उभी होईल?"

"होरी..."

गोमाजी थांबला. त्यानं मान वर केली आणि फियाटकडे पाहिलं. मग पाण्याकडे, मग पुन्हा फियाटकडे. चाळीस वर्षांत या जागेवर त्यानं जे जे कलतं केलं होतं, ते सगळं तरंगणारं होतं. तिथीचा हिशेब बरोबर होता, उतार बरोबर होता, वेळ मिनिटावर होती.

"सायेब," तो हळूच म्हणाला, "ही तरंगत नाय ना?"

"नाही."

"मना वाटलाच."

मग एकदम सगळे ओरडायला लागले. "उचला! दोर घ्या!" पण पंढरी मागच्या चाकाशी खांद्यापर्यंत आत वाकला होता. "थांबा! थांबा! शेवटचा नट बाकी आहे! आता उभी केली तर मागचा पाइप गळून पडेल, परत कलती करायला लागेल!"

"मग लाव ना!"

"हात जात नाय!" त्यानं हात बाहेर काढून दाखवला. जाळी ओढून त्याचा पंजा फावड्याएवढा झाला होता. दुसऱ्यानं घालून पाहिला. तिसऱ्यानं पाहिला. पाइप आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत मोठागावचा एकही हात जाईना. पाणी नडगीपर्यंत आलं.

सगळ्यांनी हरिहरांच्या हातांकडे पाहिलं. तीस वर्षं ऑफिसात लेजर लिहिलेले हात. बारीक, पांढरे, मनगटावर पट्ट्याचं घड्याळ.

शपथ ती शपथ. पंढरीनं तर पाना पाठीमागे धरला होता.

हरिहरांनी पुस्तक मिटलं. घड्याळ काढून खिशात ठेवलं.

"मालन," ते म्हणाले, मोठ्यानंच, कारण हळू बोलून पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नसतं, "एकच नट. सगुणासाठी." आणि पंढरीकडे हात पुढे केला. "दे."

हात आत गेला. नट लागला, फिरला, फिरला, आणि घट्ट वाटला. हरिहरांनी वर अर्धा आटा आणखी दिला. "झालं!"

पण आता वेगळंच झालं होतं. वाळू भिजून मऊ झाली होती, आणि फियाटची डावी कूस जाळ्यांसकट तिच्यात रुतली होती. आठ माणसांनी दोर ओढले. गाडीनं नुसता एक उसासा टाकला. पाणी वर चढतच होतं.

पंढरी मांडवाकडे पळाला.

मांडवात संध्याकाळच्या हळदीची तयारी चालली होती. तीसेक बायका हळद कुटून तेलात कालवत होत्या, आणि आवडाबाई धवलारीण, जिच्या गाण्यांशिवाय या गावात लग्न लागत नाही, मधोमध बसून धवले गात होती. पंढरीनं दारातूनच ओरडून सांगितलं. आवडाबाईनं ओळ अर्धी सोडली.

"चला गं!"

तीस बायका तशाच, कोपरापर्यंत पिवळ्या हातांनी, बंदराकडे धावल्या. त्यांच्या पुढे सगुणा होती.

"गो, नवरीनं मांडव नाय सोराचा!" मनुबाई मागून ओरडली.

"गारी माजी हाय!" सगुणा पळता पळता ओरडली. "आन बंदर गावानच हाय!"

अर्ध्या बायका पाण्यात शिरल्या आणि छताच्या बाजूनं गाडीला हात लावून उभ्या राहिल्या. अर्ध्यांनी दोर धरले. पाणी गुडघ्यापर्यंत होतं. गोमाजी हात वर करणार, तेवढ्यात आवडाबाईनं त्याला बाजूला केलं.

"तुजा हात होरीचा. यो लग्नाचा काम हाय."

तिनं नवरीला मांडवात आणायचा धवला धरला, आणि नवरीच्या जागी गारी घातली. पहिल्या ओळीला दोर ताणले. दुसऱ्या ओळीला वाळू सुटल्याचा आवाज आला. तिसऱ्या ओळीला अडतीस-एकोणचाळीस माणसांनी एकदम श्वास सोडला, आणि फियाट पाणी निथळत, मोठ्या घरच्या बाईसारखी, चार चाकांवर उभी राहिली.

थांबायला वेळ नव्हता. तशीच ढकलत तिला रस्त्यावर आणली. मागे वळून पाहिलं तेव्हा जाळ्यांची गादी पाण्याखाली गेली होती आणि हरिहरांची चप्पल माणकोलीच्या वाटेला लागली होती.

पंढरीनं बॅटरी बसवली, ऑइल आणि पेट्रोल घातलं. हरिहर अनवाणी आत बसले आणि त्यांनी चावी फिरवली. सगळं गाव गोल करून उभं होतं.

"चालू करा ना, भाऊ," मनुबाई म्हणाली.

"चालूच आहे."

कोणाचा विश्वास बसेना. गोमाजीनं येऊन बॉनेटवर हात ठेवला. मग त्यानं मान डोलावली. पंढरीनं दोन्ही हात वर केले आणि बंदरावर असा आरडाओरडा झाला की पलीकडच्या किनाऱ्यावर लोकांना वाटलं, वाचलेल्यांना आता घरी आणलं.

घरी आल्यावर हरिहरांनी गाडीकडे नीट पाहिलं. पांढऱ्या छतावर, दारांवर, बॉनेटवर, सगळीकडे हळदीच्या हातांचे ठसे होते. लहान, मोठे, तिरपे, बोटं फाकलेले. त्यांनी पाणी मारलं. तेल होतं, निघाले नाहीत. मग त्यांनी धुण्याचा साबण घेतला आणि जोर लावून घासलं. सगळे हात पिवळ्याचे लाल झाले.

साबण लागला की हळद लाल होते, हे मालनला ठाऊक होतं. हरिहरांना नव्हतं. त्यांनी बादली खाली ठेवली आणि शुक्रवारी सकाळी गाडी तशीच मोठागावला नेली, मान खाली घालून.

आवडाबाईनं ती पाहिली आणि कडाकडा बोटं मोडली. "कुंकवाचे हात झाले! शकुन हाय यो! कोनी केला?"

"साबणानं," हरिहर म्हणाले, पण ते कोणी ऐकलं नाही.

लग्न लागलं, जेवणं झाली, आणि दुपारी चार वाजता सगुणा नवऱ्यासह फियाटच्या मागच्या सीटवर बसली. चार वर्षांची असताना बसायची, त्याच कोपऱ्यात. सासर आंबिवलीजवळच्या गावी. पुढच्या सीटवर आठ महिने कोणी बसलं नव्हतं. मनुबाई नऊवारी सावरत तिथे बसली. हरिहरांनी तिच्या बाजूची काच खाली करून दिली, तेवढंच. मागे टेम्पोत गोमाजी, पंढरी आणि वऱ्हाड.

गाडी इतकी शांत चालली होती की सगुणाच्या बांगड्या ऐकू येत होत्या. ठाकुर्ली गेलं. पत्री पुलाशी येईतो सायलेन्सर चांगला तापला, आणि वास सुटला.

आधी मंद. मग दमदार. नव्या सायलेन्सरला चोपडलेलं माशाचं तेल तापलं होतं, आणि फियाटच्या मागे तव्यावर मासळी टाकल्याचा वास रस्ताभर पसरत चालला होता. कल्याणला सिग्नलवर एक स्कूटरवाला काचेशी आला. "काय, बोंबील का?" शहाडच्या पुलावर चार कुत्री मागे लागली, पलीकडे सात झाली. नवऱ्या मुलानं रुमाल काढला होता, पण सगुणा त्याच्याकडे बघत होती, म्हणून त्यानं तो परत खिशात ठेवला. शहाण्या मुलाचं लक्षण, असं मनुबाईला वाटलं.

नवरीची गाडी उलटल्याची बातमी आंबिवलीपर्यंतही पोचलीच होती, त्यामुळे अख्खं गाव चिंतेनं वेशीवर येऊन उभं होतं. गाडीचा आवाज त्यांना आलाच नाही. वास आला. मग कुत्री दिसली. मग कुंकवाच्या हातांनी भरलेली पांढरी फियाट, आणि आत हसणारी नवरी.

"जेवान काय वाटेनच रांधत आनलाव?" नवऱ्याच्या मामानं विचारलं, आणि वेशीवर हशा पिकला.

बायकांनी सगुणाला उतरवायच्या आधी गाडीलाच ओवाळलं. एक गृहस्थ गाडीभोवती दोनदा फिरला. पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न होतं.

"हे ठसे कुठे काढून मिळतात हो?"

हरिहर सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात गोमाजी टेम्पोतून उतरून पुढे झाला.

"मोठागावला," तो गंभीरपणे म्हणाला. "पन गारी भरतीच्या आधी आना."

सगुणा घरात जाताना उंबऱ्याशी थांबली, मागे वळली आणि तिनं फियाटकडे पाहिलं. या वेळी ती उतरताना रडली नव्हती. आता थोडी रडली. हरिहरांनी खिडकीतून हात हलवला, तो बराच वेळ हलवत ठेवला.

परत निघाले तेव्हा मनुबाई पुढे बसून डोळे पुशीत होती आणि पंढरी मागे होता. गावाबाहेरच्या खडबडीत रस्त्याला लागले आणि गाडीखाली कुठेतरी बारीक आवाज यायला लागला. टिक. टिक. टिक-टिक.

पंढरीनं मान खाली घालून सीटच्या मागे कान लावला. "पुढचे सगळे फिट आहेत. मागचा क्लॅम्प आहे. शेवटचा नट." तो सरळ झाला. "तो कोणी..."

आणि तो खिडकीबाहेर बघायला लागला.

टिक-टिक-टिक.

मनुबाईनं डोळे पुसायचं थांबवलं. तिनं हरिहरांकडे पाहिलं. हरिहर समोर रस्त्याकडे पाहत होते. आधी तिचे खांदे हलले, मग ती पदर तोंडात कोंबून हसायला लागली.

"भाऊ, मालनताई बराबर बोलायची."

"हो," हरिहर म्हणाले. "अगदी बरोबर बोलायची." आणि तेही हसले. आठ महिन्यांत पहिल्यांदा, आणि चांगलं मोठ्यानं.

"काका, थांबवा," पंढरी म्हणाला. "माझा हात नाय जात, पण काहीतरी करतो."

"पडेल का तो?"

"पडणार नाय. नुसता बोलत राहील."

"मग बोलू दे."

फाट्यावर गाडी आली. डावीकडे कल्याण, उजवीकडे टिटवाळा. हरिहरांनी उजवीकडे वळवली.

"काका, डोंबिवली तिकडं राहिली!"

"माहीत आहे. टिटवाळ्याला जाऊन येऊ. शपथ मोडली, ते तिथे जाऊन सांगायला हवं," हरिहर म्हणाले आणि त्यांनी वेग थोडा वाढवला. "पुरावा वाजतोय तोवर."